छोटा, हलका, परवडणारा लॅपटॉप घ्यायचाय? आधी कामं लिहून काढा, मग कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानांत जावा

ॲडमिशनचा सीझन आला की पाहुण्यांचे, मित्रांचे फोन सुरू होतात, पोराला लॅपटॉप घ्यायचाय, बजेट वीस हजाराच्या आतबाहेर, कुठला घेऊ सांगा की. मी आधी एवढंच विचारतो, त्याच्यावर करणार काय? उत्तर "सगळंच" असं आलं की समजायचं खरेदी फसणार, कारण ह्या पैशात सगळं करणारं मशीन येत नाही. पण ठरलेली चार-पाच कामं झकास करणारं, दप्तरात मावणारं आणि पुढं बरीच वर्षं साथ देणारं मशीन ह्याच पैशात येतं, फक्त ते शोधायची पद्धत वेगळी आहे, तीच इथं सांगतोय.

पहिलं काम घरी बसून करायचं. एक कागद घ्या आणि फोनवर जे जमत नाही तेवढंच लिहा. पिक्चर, यूट्यूब, व्हॉट्सॲप, लाइट बिल, हे सगळं फोनवर होतंय, ते यादीत घालू नका, त्याच्यासाठी पैसे घालवायचे नाहीत. उरतं काय बघा. प्रोजेक्ट टाइप करायचा, एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नोट्स ठेवायच्या, एक्सेल, सरकारी फॉर्म भरताना फोटो आणि सही पाहिजे तेवढ्या केबीत, म्हणजे फाइलच्या मापात बसवायची, मराठीत अर्ज किंवा बातमी लिहायची, थोडंफार कोडिंग. बहुतेकांची यादी इथंच संपते. आणि ही कामं करायची कुठं, तर हॉस्टेलवर, लायब्ररीत, गडहिंग्लजहून येणाऱ्या एसटीत, मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात. म्हणजे लोकांना खरं हवं असतं ते लिहायला बरा कीबोर्ड, डोळ्याला त्रास न देणारा स्क्रीन, खांद्याला जड न होणारं वजन आणि चार्जर घरी ठेवून अर्धा दिवस निघेल एवढी बॅटरी. दुकानात मात्र गप्पा प्रोसेसर आणि जीबीच्याच होतात.

हे आजचं नाही. २००७ च्या ऑक्टोबरात असूसनं ई पीसी ७०१ काढला, ७ इंची स्क्रीन, ४ जीबी स्टोरेज, वर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम आणि वजन एक किलोच्या आत, ताकद म्हणाल तर तेव्हाच्या साध्या लॅपटॉपपेक्षाही कमी, तरी लोकांनी उड्या टाकल्या कारण स्वस्त होता आणि कुठंही नेता यायचा. मग सगळ्या कंपन्या असे छोटे स्वस्त लॅपटॉप, म्हणजे नेटबुक, काढायला लागल्या, स्क्रीन ९ इंच, मग १० इंच, आत हार्ड डिस्क, वर विंडोज, आणि किंमत चढत चढत साध्या लॅपटॉपच्या जवळ गेली. पुढं टॅबलेट आले आणि २०१३ पर्यंत नेटबुक जवळजवळ बंदच झाले. पण लोकांची मागणी संपली नाही, ती आजही तीच आहे आणि आज ती जास्त चांगली पुरी होते, फक्त ती वस्तू दुकानात पुढच्या काचेत मांडलेली नसते.

आता हा छोटा लॅपटॉप कुणी घेऊ नये ते आधीच सांगतो. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत थ्रीडी ड्रॉइंगचं काम करणाऱ्यानं, व्हिडिओ एडिटिंगवाल्यानं आणि गेम खेळायचा आहे त्यानं इकडं बघूच नका, तुम्हाला मोठं मशीन लागणार आणि त्यात काटकसर करून उपयोग नाही. टॅलीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, टॅली विंडोजवर चालतंय, त्यामुळं क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) किंवा लिनक्स तुमच्या कामाचं नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

साइज. ११ ते १३ इंच. १५ इंची लॅपटॉप दुकानात छान दिसतो पण पावणेदोन-दोन किलो वजन, वर चार्जर, आणि सीबीएस स्टँडवरून केएमटीची बस पकडून विद्यापीठात रोज न्यायचं म्हटलं की पंधरा दिवसांत तो घरी टेबलावर राहायला लागतो. १२.५ इंची लॅपटॉप साधारण सव्वा-दीड किलोत येतो आणि साध्या दप्तरात बसतो. १० इंचाच्या खाली जाऊ नका, तिथं कीबोर्ड दाबून बारीक केलेला असतो.

आणि कीबोर्ड हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फोन असताना तुम्ही लॅपटॉप घेताय ते लिहिण्यासाठीच. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं, खिशात पट्टी असेल तर सरळ मोजा, १७ च्या खाली असेल तर चार पानं टाइप केल्यावर बोटं एकमेकांत अडकतात. दुकानात उभ्या उभ्या नको, खुर्ची मागून घ्या आणि एक आख्खा परिच्छेद टाइप करा. मराठी टाइप करणाऱ्यांनी अजून एक बघायचं. इनस्क्रिप्ट ह्या मराठीच्या ठरावीक कीबोर्ड मांडणीत क साध्या बटणावर आणि ख त्याच बटणावर शिफ्ट धरून, तसंच ग-घ, च-छ, प-फ, म्हणजे शिफ्ट सारखं लागतंय. बाहेरून आलेल्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्याचदा युरोपातला कीबोर्ड असतो, त्यात डावीकडचं शिफ्ट आखूड आणि त्याच्या शेजारी एक जादा बटण असतं, आणि दर दुसऱ्या ओळीला बोट त्या जादा बटणावर पडतं. एंटरचं बटण उंच, दोन ओळींचं दिसलं की लगेच डावं शिफ्ट बघा. बटणावर मराठी अक्षरं नसली तर काही बिघडत नाही, स्टिकर मिळतात.

बॅटरीचं गणित सोपं आहे, दुकानदाराच्या "आठ तास जातंय" वर जाऊ नका. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेलं असतं. टायपिंग आणि ब्राउझरला असा छोटा लॅपटॉप साधारण ७ वॉट खातो असं धरा, मग ४२ वॉट-अवरची बॅटरी ६ तास. तीच बॅटरी जुनी होऊन ३० वर आली की ४ तास. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी भागात लाइट कधी जाईल नेम नसतो, तिकडच्या लोकांनी टाइप सीनं चार्ज होणारंच मशीन बघावं, कारण योग्य ताकदीची पॉवर बँक असली तर त्याच्यावरही चालतंय आणि चार्जर गावात कुणाकडंही मिळू शकतो. साध्या फोनच्या चार्जरवर बहुतेक लॅपटॉप नीट चार्ज होत नाहीत, ४५ किंवा ६५ वॉटचा पीडी (टाइप सीचा जास्त ताकदीचा) चार्जर लागतो.

आता पैशाचा खरा मुद्दा, नवा की वापरलेला. वीस हजाराच्या आसपासचा नवा लॅपटॉप बघायला गेला की त्यात पुष्कळदा ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी स्टोरेज आणि ४ जीबी रॅम असते. ईएमएमसी म्हणजे मदरबोर्डवर सोल्डर केलेली साठवण, तिचा वेग कागदावरच सेकंदाला ४०० एमबीच्या पुढं जात नाही, साधी साटा एसएसडी (वेगळी बसवलेली साठवण) साडेपाचशेपर्यंत जाते आणि एनव्हीएमई ही जास्त वेगाची एसएसडी त्याच्या कितीतरी पुढं. त्यात विंडोज ११ ला कमीत कमीच ६४ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या मशीनवर अपडेट आलं की जागा नाही म्हणून रडतंय, आणि नंतर वाढवू म्हटलं तर वाढवता येत नाही. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालू होतं एवढंच, दहा टॅब उघडले की बसून राहतंय. ८ जीबीच्या खाली विंडोज घेऊ नका आणि स्टोरेजच्या रकान्यात एसएसडी लिहिलंय का ते स्वतः वाचा. नवाच पाहिजे असेल तर आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर, ८ जीबी आणि एसएसडी असं कॉम्बिनेशन बघा, ते ह्या यादीला पुरतं. जुना सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर दोनच कोअरचा आहे, तो टाळा.

माझं मत विचाराल तर ह्या बजेटमध्ये कंपन्यांतून निघालेला बिझनेस लॅपटॉप कधीही बरा. ह्या मॉडेलचा कीबोर्ड, बिजागऱ्या, बॉडी सगळं रोजच्या ऑफिसच्या वापरासाठी केलेलं असतं, नव्या स्वस्त मशीनला त्याची सर येत नाही. नावं लिहून घ्या, लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२८०, डेलचा लॅटिट्यूड ७२९०, दोन्ही १२.५ इंची आणि बहुतेक इंटेल प्रोसेसरच्या आठव्या जनरेशनचे, म्हणजे पिढीचे. एक्स२८० ची रॅम सोल्डर केलेली आहे म्हणून घेतानाच ८ किंवा १६ चा घ्या, ७२९० मध्ये रॅमची जागा आहे, नंतर बदलता येते. थोडा मोठा चालत असेल तर १४ इंची थिंकपॅड टी४८०, त्यात आत एक आणि मागं काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या बसतात.

आठव्या जनरेशनचा हट्ट का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. "आय फाइव्ह आहे, आय फाइव्ह" एवढ्यावर भुलू नका, आय फाइव्ह २०१२ चाही असतो. पुढचा आकडा वाचा, ८२५० म्हणजे आठवी, ७२०० म्हणजे सातवी, ११३५ म्हणजे अकरावी. जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, चालतंयही, पण पुढचे अपडेट येतील ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सहावी-सातवी जनरेशन अगदी स्वस्तात मिळत असेल आणि टॅलीसारखं काही नसेल तर त्याच्यावर लिनक्स मिंट टाका, ४ जीबीतही बरं चालतं, लिब्रे ऑफिस त्यात आधीच असतं. क्रोमबुक घेणार असाल तर आधी त्याची अपडेटची शेवटची तारीख बघा, २०२१ नंतरच्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात पण ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

दुकानात गेल्यावर घाई करायची नाही, तासभर काढूनच जावा, आणि मालकाला आधीच सांगा, "मालक, सगळं तपासून घेणार, चालेल का?" चांगला माणूस "बसा की" म्हणतो, आणि जो म्हणत नाही त्याच्या दुकानातून उठायचं. पहिलं, विंडोजच्या सर्चमध्ये cmd टाइप करून ती काळी खिडकी उघडायची आणि तिथं powercfg /batteryreport टाइप करायचं, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा तेवढे पैसे कमी करा. डुप्लिकेट बॅटरी कधीकधी आकडा खोटा दाखवते, म्हणून चार्जर काढून, ब्राइटनेस पूर्ण करून यूट्यूब लावून ठेवा आणि बाकीचं तपासेपर्यंत किती टक्के उतरतंय बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून एसएसडीची तब्येत बघा. मग मशीन बंद करून चालू करताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाता येतंय का बघा, तिथं पासवर्ड मागितला तर ते मशीन फुकटसुद्धा नको. आणि हे तर बरेच लोक करतच नाहीत, विंडोज रिसेट करायला लावा, फोनचा हॉटस्पॉट जोडा, आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे, परत द्या. बाकी स्क्रीन पांढरा करून डाग बघा, बाजूनं तिरकं बघून रंग उलटे होतात का बघा, तसं झालं तर तो टीएन प्रकारचा पॅनल, आयपीएस प्रकारचा मागा, त्यात तिरकं बघूनही रंग नीट दिसतात. सगळी बटणं, सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय, झाकण चार वेळा उघडझाक.

बिल पक्कं घ्यायचं, त्याच्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटीत काय काय येतं ते लिहून घ्यायचं, तोंडी "काय झालं तर आणा की" हे महिन्याभरानं कुणाला आठवत नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, इनस्क्रिप्ट येत नसेल तर मराठी फोनेटिक निवडा, "kolhapur" टाइप केलं की कोल्हापूर येतं असं त्याचं काम आहे, भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस. घरात कायम चार्जरला लावून ठेवणार असाल तर लेनोव्हो आणि डेलच्या स्वतःच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. बॅगेत एक जाड प्लास्टिकची पिशवी कायम ठेवा, जूनपासून लागतेच, आणि भिजला तर चालू करून बघायचा मोह टाळून बटण दाबून बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडं न्या.