झाडीपट्टीच्या नाटकासाठी राजधानीचा मनोरा

दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटकं रंगतात. घरगुती नाटकाला दिवाणखान्याचा पडदा पुरतो. कथा काल्पनिक राज्यातली असली, की राजमनोरा मात्र उभाच करावा. रंगवलेल्या पडद्यावर पात्राची सावली पडली की बुरूज कापडाचा आहे हे शेवटच्या रांगेलाही कळतं.

उंची 15 फूट पुरे. खाली 6 फुटांचा चौरस, वर साडेतीन फुटांचा. तीन मजले करा, पण सारखे नकोत: 6, 5 आणि 4 फुटांचे. दगडही तसेच लहान होत जावेत, तळाशी 12 इंच उंचीचे, मध्ये 9, वर 6. तळाची खिडकी 2 फुटांची, माथ्याची 9 इंचांची. नजर यालाच फसते आणि मनोरा आहे त्याहून बराच उंच वाटतो. म्हणून वरच्या खिडकीत माणूस कधीच उभा करू नका, खरं माप लगेच उघडं पडतं. तिथे फक्त दिवा. राणीला झरोक्यात यायचं असेल तर झरोका तळमजल्यावर काढा आणि तिच्यासाठी मागे वेगळा माचा ठेवा. सांगाड्यावर तिचा भार नको.

सांगाड्याला 18 फुटांचे चार जून बांबू घ्या. कोवळ्या बांबूला घुण लवकर लागतो. रंगमंच मातीचा असेल तर 2 फूट जमिनीत गाडा. दर अडीच फुटांवर आडवे बांबू बांधा आणि प्रत्येक बाजूला कैची, म्हणजे फुलीसारखे तिरपे बांबू, द्याच. कैची नसली तर चौकट तिरपी होते, मग सुतळी कितीही आवळा. टोक पेराच्या गाठीच्या जरा पुढे कापा, नाहीतर बांबू चिरतो. 10 फुटांवरून मागे दोराचे दोन ताण घ्या. घुमटाच्या कमच्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, रात्रभर बोडीत (लहान तळ्यात) भिजवा. कोरड्या वाकवल्या तर मोडतात.

कापड समोर आणि दोन्ही बाजूंनाच लावा. मागची बाजू उघडी ठेवली की वारा कोंडत नाही आणि दिवाही आत नेता येतो. तीन बाजूंचं क्षेत्र साधारण 215 चौरस फूट. 3 फूट पन्ह्याचं मांजरपाट 25 मीटर लागेल. आधी ताणून ठोका, मगच रंगवा, कारण ओलं झालं की ते आटतं.

रंगात सगळा खेळ सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचा. 1 भाग सरस 10 भाग पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ठेवून विरघळवा. थेट उकळला तर त्याची पकड जाते. त्यात खडूची पावडर, गेरू, थोडी काजळी. कोपऱ्यावर रंग लावून वाळल्यावर बोट घासा: बोटाला लागला तर सरस कमी, तडे गेले तर जास्त. निव्वळ काळा वापरू नका, दिव्यात त्या जागी भोक दिसतं. मुख्य दिवा ज्या बाजूने येणार, त्याच्या उलट कडेला प्रत्येक दगडाची सावली काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण दगड उठून दिसतो तो यानेच.

दारावर नक्षी हवी असेल तर चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशी पाहून या. हत्तीवर चढलेला सिंह लांबूनही ओळखू येतो.

हॅलोजन कापडापासून निदान मीटरभर तरी दूर ठेवा. पहाटेच्या दवाने सरसाचा रंग सुटतो, म्हणून नाटक संपलं की कापड तसंच गुंडाळू नका. ऊन चढून ते कोरडं होईपर्यंत मनोरा उभा राहू द्या.