जुन्या फोटोखाली ‘सर्का’ कधी आणि कसं लिहायचं

मी दादरच्या एका जुन्या ग्रंथालयासाठी घरोघरचे फोटो, पत्रं, लग्नपत्रिका नोंदवते. फोटो देणाऱ्यांना पहिली विनंती हीच करते: मागे पेनाने अंदाजाचं साल लिहू नका. एकदा ‘१९५०’ असं ठसठशीत लिहिलं गेलं की नातवंडं ते खरंच धरून चालतात.

साल नक्की माहीत नसेल तर त्याआधी ‘सर्का’ हा लॅटिन शब्द लावतात, म्हणजे सुमारे. इंग्रजी कॅटलॉगमध्ये त्याचं नुसतं ‘सी’ अक्षर आणि टिंब असतं. मराठीत ‘सु.’ लिहावं, विश्वकोशात तसंच दिसेल. सोपं आहे. पण ‘सु.’ लावला की शोधायचं काम संपलं असं समजू नका. आधी शोधायचं, मग लावायचा.

एक फोटो घेऊ. कुटुंब उभं आहे, एका कडेला गेटवेची पुरी झालेली कमान, म्हणजे फोटो १९२४ च्या आधीचा नाही. मागची मोकळी जागा सगळी दिसते, पण शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा नाही. त्याचं अनावरण २६ जानेवारी १९६१ ला झालं. इथवर आपल्याला दोन टोकं कळली, मधलं काहीच नाही. अशा वेळी ‘सु. १९४०’ लिहिणं चूक. ‘१९२४ ते १९६१ दरम्यान’ लिहा. मग आजींना विचारलं, कडेवरची मुलगी कोण? धाकटी नणंद, जन्म १९४९ चा, दाखला घरात आहे. मुलगी कडेवर आहे, पण पायात बूट आहेत आणि तळवे मळलेले, म्हणजे चालायला लागलेली. आता ‘सु. १९५१’ लिहायला आधार आहे. ‘दरम्यान’ टोकं सांगतो, ‘सु.’ मध्य सांगतो, हा फरक कधी विसरू नका.

वयस्कर माणसांना ‘कोणतं साल?’ असं विचारू नये, बिचारी गोंधळतात. ‘गोदीतल्या स्फोटाच्या आधी की नंतर?’ विचारा. १४ एप्रिल १९४४ चा तो दिवस ज्यांनी पाहिला, ते चटकन सांगतात. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होता?’ हाही चांगला प्रश्न.

वस्तूंवरून साल काढताना मात्र जपून. नवी वस्तू दिसली तर फोटो ती आल्यानंतरचाच. जुनी वस्तू दिसली तर ती घरात टिकून राहिलेलीही असू शकते. पाकिटावर ‘गिरगाव, मुंबई ४’ असेल आणि पिनकोड नसेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असण्याचा संभव आहे, पण सवयीने पुढेही कित्येकांनी तसंच लिहिलं. नऊवारी आणि टोपीवरून तर मी साल ठरवतच नाही. मुंबईची ट्राम हा त्यातल्या त्यात भरवशाचा साक्षीदार: विजेची १९०७ पासून, दुमजली १९२० पासून, आणि ३१ मार्च १९६४ ला सगळ्याच बंद.

जिथे साल हिशेबाने निघतं तिथे ‘सु.’ नको. पत्रिकेवर ‘शके १८४५, वैशाख’ असेल तर ७८ मिळवा, १९२३. माघ-फाल्गुन असेल तर ७९, म्हणजे १९२४. मार्गशीर्ष आणि पौषात वर्ष बदलतं, तेव्हा तिथी जुन्या पंचांगात पाहा.

माणसांच्या नावापुढे लिहिताना ‘सु.’ फक्त शंकेच्या सालाला लावा. मलिक अंबर (सु. १५४८–१६२६): जन्म अंदाजे, मृत्यू नक्की. दोन्ही सालं अंदाजाची असतील तर दोन्हींपुढे लिहा. ‘सु. १९५० चं दशक’ लिहू नका, दशक म्हटल्यावर सैलपणा आलाच.

‘सु.’ किती ताणायचा याचा सर्वमान्य नियम नाही. घारापुरीच्या मुख्य लेण्याला सहाव्या शतकाचा मध्य म्हणतात तेव्हा काही दशकं इकडेतिकडे चालतात. आजीच्या फोटोला तेवढी सूट देता येत नाही. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: फोटोंसाठी ‘सु.’ म्हणजे पाच वर्षं मागेपुढे. तुम्हीही आपला आकडा ठरवून लिहून ठेवा.

संगणकावर यादी करत असाल तर ‘सु. १९५१’ च्या शेजारी आणखी तीन रकाने ठेवा: आधीचं टोक, नंतरचं टोक आणि आधार. पहिल्या दोन्हींत नुसते आकडे, म्हणजे क्रम लावता येतो. आधारात ‘कडेवरची मुलगी, जन्मदाखला १९४९’ असं पुरतं लिहा, कोणी सांगितलं तेही. उद्या दुसरा दाखला निघाला तर साल बदला, जुना अंदाज मात्र पुसू नका, शेजारी राहू द्या. आणि फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिल, कडेला, अगदी हलक्या हाताने.