नेव्हल रिझर्व्हच्या टोपीवरचा बॅज हातात आला तर मुकुट कसा ओळखायचा

जुना नेव्हीचा बॅज मिळाला की सगळे आधी नांगर बघतात, पण नांगर शंभर वर्षं जवळपास तसाच आहे, दोर गुंडाळलेला, बाजूला लॉरेलची पानं. काळ सांगतो तो वरचा मुकुट. मी सुरुवातीला ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "दुसऱ्या महायुद्धातला आरएनव्हीआर ऑफिसरचा बॅज" (आरएनव्हीआर म्हणजे रॉयल नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्ह, ब्रिटिश नौदलाचं स्वयंसेवकांचं राखीव दल) म्हणून बऱ्यापैकी पैसे मोजून एक घेतला, आणि घरी आल्यावर भिंगाखाली बघितला तर मुकुट एलिझाबेथ राणीचा, म्हणजे युद्ध संपून सात-आठ वर्षं झाल्यानंतरचा. तेव्हापासून मी मुकुट बघितल्याशिवाय किंमत पण विचारत नाही.

आधी फक्त कमानी बघा, बाकी काही नको. मुकुटाच्या दोन्ही कडांवरून दोन कमानी वर जातात आणि मधे एका छोट्या गोळ्याखाली भेटतात, त्या गोळ्यावर क्रॉस असतो. आता त्या कमानी गोल वर जाऊन घुमटासारख्या मिळत असतील, मधे कुठेच खोलगट नाही, तर तो ट्यूडर क्राऊन, ज्याला सगळे किंग्ज क्राऊन म्हणतात. आणि कमानी दोन्ही बाजूला फुगून मधे खाली दबल्या असतील, पत्त्यातल्या बदामाचा वरचा भाग असतो ना अगदी तसा आकार, तर तो सेंट एडवर्ड्स क्राऊन, म्हणजे क्वीन्स क्राऊन. खालच्या पट्टीवरचे रुंद टोकांचे क्रॉस आणि लिलीची फुलं दोन्हीत असतात, त्यामुळे ती मोजत बसून काही हाती लागत नाही, मी पहिल्या वर्षी तेच करत होतो.

किंग्ज क्राऊन 1901 मध्ये सातव्या एडवर्डने आणला आणि पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड, सहावा जॉर्ज सगळ्यांच्या काळात तोच राहिला, म्हणजे नुसत्या मुकुटावरून पहिलं महायुद्ध की दुसरं हे कळत नाही, कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर दुसरा काय पुरावा आहे ते विचारा. 6 फेब्रुवारी 1952 ला सहावा जॉर्ज गेला आणि एलिझाबेथ राणीने सेंट एडवर्डचा मुकुट निवडला, पण टोप्या एका रात्रीत बदलत नाहीत, जुना साठा वापरला जातो, म्हणून 1953-54 च्या आसपासच्या एखाद्या फोटोत दोन्ही मुकुट शेजारी शेजारी दिसले तर दचकू नका.

आता खरी गोची 2022 पासून झालीये. तिसऱ्या चार्ल्सने परत ट्यूडर मुकुट घेतला, म्हणजे आज रॉयल नेव्हल रिझर्व्हचा कोरा बॅज आणि 1940 चा बॅज दोन्हीवर घुमटाकार कमानी. इथे वस्तूकडे बघायला लागतं. ऑफिसरचा बॅज जरतारीचा असतो, जुनी जरीची तार काळवंडते, मुकुटातलं लाल कापड विरतं किंवा फिकं पडतं, मागचं कापड आणि टाके जुने दिसतात. पुढून चकचकीत आणि मागून पण कोरा करकरीत असेल आणि विकणारा "युद्धातला" म्हणत असेल तर सरळ ठेवून द्या. आणि जरीची तार काळी पडली म्हणून पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका प्लीज, तार तुटते, वरचा मुलामा जातो आणि काळाचा पुरावाही धुतला जातो, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली तेवढं पुरे.

देशाप्रमाणे काळ अजून आवळता येतो आणि मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. ब्रिटनचं आरएनव्हीआर 1903 ला सुरू झालं, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गेल्यावर दोन वर्षांनी, त्यामुळे व्हिक्टोरियन मुकुटवाला आरएनव्हीआर बॅज असूच शकत नाही. 1958 ला ते आरएनआरमध्ये, म्हणजे रॉयल नेव्हल रिझर्व्हमध्ये विलीन झालं, म्हणजे आरएनव्हीआरचं नाव आणि राणीचा मुकुट एकत्र असतील तर मधली जेमतेम पाच वर्षं उरतात. कॅनडाचं तसंच स्वयंसेवक दल आरसीएनव्हीआर 1923 ते 1945, तिथे फक्त किंग्ज क्राऊन. न्यूझीलंडचं तसंच दल आरएनझेडएनव्हीआर राणीच्या काळात पण चालू राहिलं म्हणून तिथे दोन्ही सापडतात. कॅनडाने 2023 मध्ये स्वतःचा वेगळाच मुकुट जाहीर केला, त्यात मेपलची पानं आहेत आणि टोकावर क्रॉसच्या जागी हिमकण, तो एकदा बघितला की परत चुकत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात सोपं. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव 1934 ला आलं, तिची दोन रिझर्व्ह दलं होती, आरआयएनआर (रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्ह) आणि आरआयएनव्हीआर (त्याचंच व्हॉलंटिअर, म्हणजे स्वयंसेवकांचं दल), आणि 26 जानेवारी 1950 ला "रॉयल" गेलं, मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी गादीवर आली 1952 ला. म्हणजे भारतीय नेव्हल रिझर्व्हचा म्हणून कोणी बदामी कमानीचा मुकुट दाखवला तर तो भारतीय नाही, विषय संपला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, मुकुट काळ सांगतो, दल सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात आरएन (म्हणजे मूळ रॉयल नेव्ही), आरएनआर, आरएनव्हीआर तिन्हींच्या ऑफिसरांच्या टोपीवर एकच बॅज होता, फरक बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये. आरएनव्हीआरच्या पट्ट्या लाटांसारख्या, म्हणून त्यांना वेव्ही नेव्ही म्हणायचे, आणि आरएनआरच्या एकमेकीत गुंफलेल्या. त्यामुळे सुटा बॅज "रिझर्व्हचा" म्हणून जास्त दराने विकत असतील तर सोबत कोट, फोटो किंवा कागद मागा. पेटी ऑफिसरचा (खलाशांमधला वरचा हुद्दा) बॅज वेगळा, गोल कड्यात नांगर आणि वर मुकुट, आणि चीफ पेटी ऑफिसरच्या कड्याभोवती पानं पण असतात.

मर्चंट नेव्हीचा बॅज पण यात हमखास मिसळतो कारण आरएनआरमध्ये तिथलीच माणसं यायची. त्याच्यावर नेव्हल क्राऊन असतो, पट्टीवर आळीपाळीने जहाजाची मागची बाजू आणि शिडं, आणि वर कमानीच नाहीत. कमान नाही म्हणजे तो राजाचा मुकुट नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि घरात जुना फोटो असेल, रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीकडून खूप मुलं भरती व्हायची त्यामुळे कोकणात असे फोटो निघतात, तर टोपी आधी नीट बघा. पुढचा छज्जा नसलेली गोल टोपी असेल तर तो साधा खलाशी, त्याच्या टोपीवर मुकुट शोधूच नका, कपाळावरच्या काळ्या रिबिनीवरची अक्षरं वाचा. एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) दिसलं तर 1950 च्या आधीचा फोटो, आणि पुढे जहाजाचं नाव वाचता आलं तर मुकुटापेक्षा कितीतरी जास्त माहिती त्या रिबिनीतच मिळते.