प्रोस्टेटची शस्त्रक्रिया: आधीची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे

साठीनंतर लघवीची धार बारीक होणे किंवा रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे हा खानदेशात वयाचा त्रास समजला जातो, आणि कापसाची वेचणी उरकू द्या, केळीचा माल निघू द्या, असे म्हणत दवाखाना पुढे ढकलला जातो. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीला अडथळा होतो; त्या अडथळ्याविरुद्ध वर्षानुवर्षे जोर लावून मूत्राशयाचा स्नायू एकदा थकला, तर नंतर शस्त्रक्रिया चांगली होऊनही धार पूर्ववत होईलच असे नाही.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी पुष्कळांचे भागते. (मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे असेल, तर ही गोळी चालू असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण तिच्यामुळे बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो.) मात्र गोळ्या घेऊनही लघवी तुंबत असेल, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडावर ताण येत असेल, तर शस्त्रक्रिया टाळू नये.

त्याआधी सोनोग्राफी, लघवीच्या धारेची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम पाहणारी रक्ततपासणी), लघवीचे कल्चर (जंतूंची तपासणी) आणि पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी रक्ततपासणी) या तपासण्या होतात. सोनोग्राफीत ग्रंथीचे वजन किती ग्रॅम आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते, हे दोन आकडे स्वतः विचारून घ्यावेत. साधारण ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथीसाठी टीयूआरपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढणे, ही रुळलेली पद्धत आहे. त्याहून मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेझर, आणि ते उपलब्ध नसेल तेथे पोट उघडून शस्त्रक्रिया करतात. खर्चाची चिंता असल्यास शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास शल्यविशारदांना सांगावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक गोष्ट संकोच न करता आधीच बोलून घ्यावी: शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. ही नपुंसकता नव्हे, परंतु हे ठाऊक नसलेला माणूस मनातून खचतो.

बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला जातो. नंतर दोन-तीन दिवस लघवीच्या मार्गात नळी असते आणि सलाईनने मूत्राशय सतत धुतले जाते, त्यामुळे पिशवीतले गुलाबी पाणी पाहून घाबरू नये.

खरी काळजी घरी आल्यावर घ्यायची असते. आतल्या जखमेची खपली साधारण दहा ते चौदा दिवसांनी सुटते आणि लघवीतून पुन्हा रक्त येऊ शकते. नेमक्या याच सुमारास बरे वाटू लागल्याने माणूस शेताकडे निघतो. चार ते सहा आठवडे मोटारसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि खताची गोणी उचलणे पूर्ण वर्ज्य करावे, व शौचाला कुंथावे लागू नये असा आहार ठेवावा. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाते, म्हणून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावे. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या रुग्णाने पहिले पंधरा दिवस शक्यतो नंदुरबारला नातेवाइकांकडेच राहावे, कारण रात्री घाट उतरून येण्यात मोलाचे तास जातात.

काढलेल्या तुकड्यांचा तपासणी अहवाल मागून जपून ठेवावा. ग्रंथीचा बाहेरचा भाग शरीरात तसाच राहतो आणि कर्करोग बहुतांशी तेथेच उद्भवतो, म्हणून पीएसए पुढे किती काळाने करायची, हे पहिल्याच फेरतपासणीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.