चामखीळ घरी काढताय? आधी या चुका टाळा

सदाशिव पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी ओढणी किंवा कॉलर बाजूला सारून मान दाखवतात आणि विचारतात, "चामखिळीवर काही लावायला मिळेल का?" नाही म्हटलं की नाराज होतात. त्यातले काही आठ दिवसांनी परत येतात ते जखमेचं मलम मागायला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. कातडीवर काहीही उगवलं की आपण त्याला चामखीळ म्हणून मोकळे होतो. मानेवर, काखेत, पापणीवर बारीक देठाला लोंबणारा मऊ दाणा म्हणजे डॉक्टर ज्याला स्किन टॅग म्हणतात तो. तो निरुपद्रवी असतो, संसर्गानं पसरत नाही. बोटांवर किंवा तळपायाला येते ती खरखरीत, काळे ठिपके दिसणारी चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते आणि खरवडली की आजूबाजूला पसरते. तीळ हा आणखी तिसरा प्रकार. आपल्याला नक्की काय झालंय हे कुणी बघतच नाही आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावतात. कुरुपावर लावायची सॅलिसिलिक अ‍ॅसिडची बाटली जाड कातडी सोलण्यासाठी असते. मानेच्या पातळ कातडीवर ती लावली तर शेजारची चांगली कातडीच आधी भाजते.

दोरा बांधणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. पूर्वी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचे, आता शिवणाचा किंवा पार्लरमधला थ्रेडिंगचा दोरा असतो. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू आल्या. मंगळसूत्र हातात काढून घेतलेलं, मान एका बाजूला कललेली. "अरे, सुनेनं दोरा बांधून दिला, तीन दिवस झाले, झोप नाही." बघितलं तर तांदळाएवढा दाणा पिकल्या करवंदासारखा जांभळा, टचटचीत फुगलेला, देठाशी पू आणि दोरा सुजेत रुतून बसलेला. असं का होतं, तर घरी बांधलेला दोरा पुरेसा आवळला जात नाही. रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, पण आत आणणारी धमनी वाहत राहते, म्हणून दाणा फुगत जातो. असं झालं असेल तर दोरा ओढू नका, कापायच्या खटपटीतही पडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काकूंना मी तसंच पाठवलं. तिथे रक्त तपासलं तेव्हा कळलं की साखर बरीच वाढलेली होती. जखम भरायला महिना गेला.

हा योगायोग समजू नका. मानेवर एकदम बरेच स्किन टॅग आले असतील आणि तिथली कातडी काळपट, मखमलीसारखी जाड झाली असेल, तर शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. आपल्याकडे आया त्याला मळ समजून पोरांच्या माना घासणीनं घासतात, लिंबू चोळतात. माझी कळकळीची विनंती आहे, ती मान घासू नका, रक्त तपासा. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, अथवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्के किंवा जास्त आली, तर तो मधुमेहाचा आकडा आहे. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन, वय, चेन किंवा हेल्मेटच्या पट्ट्याचं घर्षण हीही स्किन टॅग येण्याची कारणं असतात. गरोदरपणात आलेले स्किन टॅग बाळंतपणानंतर कधी कधी आपोआप लहान होतात, तेव्हा तिथे घाई नकोच.

चुना-सोडा लावणाऱ्यांना एवढंच सांगतो, चुना कातडी जाळतो आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. भाजलंच तर वाहत्या पाण्याखाली वीसएक मिनिटं धरा, वर लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. बिब्बा तर लावूच नका. तो उतला की चामखीळ राहते बाजूला, सगळी मान फोडांनी भरते, तीही एक-दोन दिवसांनी.

ऑनलाइन मिळणारे थेंब आणि पेन यांवरही भरवसा ठेवू नका. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, 2022 मध्ये असा माल विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. स्किन टॅग घरी काढण्यासाठी एफडीएची मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. डॉक्टर गोठवायला वापरतात तो द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो, घरगुती स्प्रे त्याच्या जवळपासही जात नाही.

नेलकटरनं कापून टाकलं आणि रक्त थांबत नाही, असेही येतात. स्वच्छ कापड घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटं धरा, मधे उचलून बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढ्यानं थांबेलच असं नाही, सरळ दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवा.

त्वचारोगतज्ज्ञाकडे हे काम काही मिनिटांचं असतं. जागा बधिर करून कॉटरीनं (विजेच्या उष्णतेनं जाळून) किंवा निर्जंतुक कात्रीनं काढतात, शंका असेल तर तुकडा तपासायला पाठवतात. घरी कापून कचऱ्यात टाकलेला तुकडा कोण तपासणार? खासगी खर्च परवडत नसेल तर पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयात त्वचा विभाग आहे. नंतर धरलेली खपली उपटू नका. आपल्या सावळ्या कातडीवर डाग लवकर पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही.

पापणीच्या कडेची, गुप्तांगाजवळची, रंग एकसारखा नसलेली, झपाट्यानं वाढणारी किंवा आपोआप रक्त येणारी गाठ असेल, तर हात लावू नका. आणि आधीच काढून बसला असाल, पण दोन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा त्याच जागी पुन्हा काही उगवलं, तर मला मोबाइलवरचा फोटो दाखवत बसू नका. फोटोवरून मलाही कळत नाही. डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.