ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी आहाराविषयी थोडेसे

सप्टेंबरात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येथे येणाऱ्या मराठी मंडळींना पहिली काळजी असते ती वाणसामानाची. परंतु मोठ्या शहरांत ज्वारीचे पीठ, तूरडाळ आणि मेथीची जुडीसुद्धा गुजराती किंवा पंजाबी दुकानांत मिळते. म्हणजे ताट तेच राहते. सुटतात त्या घरी असताना न मागता मिळणाऱ्या दोन गोष्टी : ऊन आणि आयोडीनयुक्त मीठ.

ऑक्टोबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत येथील ऊन इतके तिरपे पडते की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयारच होत नाही. त्यामुळे या काळात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू (गोळ्यांच्या वेष्टनावरचे आंतरराष्ट्रीय एकक), ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर, असा येथील सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात जिना चढताना मांड्या भरून येत. मी ते थंडीवर ढकलले. फेब्रुवारीत रक्त तपासले तेव्हा हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले. शाकाहारी असाल तर गोळ्या घेताना वेष्टन नीट वाचा, कारण पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. मासे खाणाऱ्यांना डब्यातला बांगडा स्वस्त आणि उत्तम.

दुकानातले बहुतेक मीठ बिनआयोडीनचे असते. प्रौढांना रोज १४० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि ते येथे मुख्यतः दूध, दही व मासे यांतून मिळते. बी-१२ साठीही शाकाहाऱ्यांचा आधार दूधदुभत्याचाच. म्हणून गाईचे दूध सोडून ओट किंवा बदामाच्या दुधाकडे वळणार असाल, तर त्यात आयोडीन आणि बी-१२ दोन्ही घातले आहेत का, हे पाहिल्याखेरीज घेऊ नका; कॅल्शियम घातलेले असले तरी आयोडीन अनेकदा नसते.

लोहाच्या बाबतीत आपली जुनी सवयच कामी येते. पालकाच्या वरणावर लिंबू पिळले की त्यातले लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. तेव्हा थंडीत कितीही तल्लफ आली तरी चहा तासाभराने घ्यावा. पाळी येणाऱ्या स्त्रियांना रोज १४.८ मिलिग्रॅम लोह लागते, त्यामुळे त्यांनी हे विशेष पाळावे.

आल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. ‘ड’ जीवनसत्त्वाची बाटली मी मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवते. सकाळी फोडणीसाठी हात तिकडे जातो आणि गोळी चुकत नाही.