हट्टी मांजरीला रोजचं रुटीन कसं लावायचं

आमची ठमी घरी आली तेव्हा दीड वर्षाची होती, आणि पहिले तीन-चार महिने तिने मला एकही रात्र सलग झोपू दिलं नाही. पहाटे चार-सव्वाचारला छातीवर येऊन बसायची, आधी नुसती टक लावून बघायची, मग नखं आत ओढून एक पंजा अगदी हलका माझ्या ओठांवर ठेवायची, आणि तरी मी डोळे उघडले नाहीत तर शेजारच्या टेबलावर चढून पेन, चष्म्याची केस, जे असेल ते एकेक करून कडेपर्यंत सरकवायची. तिसरी वस्तू खाली पडली की मी उठायचे आणि वाटीत चार दाणे टाकून परत आडवी व्हायचे. म्हणजे काय केलं की खायला मिळतं हे मीच तिला रोज पहाटे दाखवत होते.

हे लक्षात आल्यावर मग सगळं बदलायला लागलं. मांजर हट्टी आहे असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर ती चिकाटीची असते, एकदा ज्या गोष्टीचा उपयोग झाला ती गोष्ट ती सहजासहजी सोडत नाही. पण हाच स्वभाव रुटीन लावताना आपल्या कामी येतो, कारण असं मांजर एकदा क्रम शिकलं की तोही तितकाच घट्ट धरून ठेवतं. आणि क्रम हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. घड्याळातली वेळ दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतं, पण कशानंतर काय होतं हे रोज तेच राहायला हवं.

सुरुवात करायच्या आधी: हा खरंच हट्ट आहे का?

मांजर आधी बरं होतं आणि अचानक रात्री ओरडायला लागलं, शी-शूच्या ट्रेच्या बाहेर घाण करायला लागलं किंवा हात लावू देईना, तर रुटीन बाजूला ठेवा आणि आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, दाखवा. दुखत असेल तर मांजर तोंडाने सांगत नाही, वागणुकीतून दाखवतं. वय दहाच्या पुढे असेल, भूक वाढलीय, वजन मात्र उतरतंय आणि रात्री ओरडणं सुरू झालंय, तर थायरॉइड तपासायला हवं. आणि बोका ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतोय, जोर करतोय पण लघवी होत नाहीये किंवा थेंबथेंब होतेय, तर ती इमर्जन्सी आहे, उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच वेळी निघायचं, कारण लघवीची वाट बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा आणि लिहून काढा

काहीही बदलू नका. ती कधी उठते, कधी पळापळ करते, कधी खायला मागते, ट्रेमध्ये कधी जाते, कुठे झोपते एवढंच मोबाइलमध्ये टिपत जा. मांजरं दिवसाचे बारा ते सोळा तास झोपेत घालवतात आणि जास्त तरतरीत असतात ती पहाटे आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला, कारण शिकारीची त्यांची ती वेळ. त्यामुळे पहाटेचा दंगा हा तुम्हाला छळायला नसतो, तिचं शरीरच त्या वेळी जागं होतं. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या की कळतं, तिचं स्वतःचं एक रुटीन आधीच आहे. आपण नवं वेळापत्रक तिच्यावर लादायचं नाही, तिच्याच वेळांना धरून आपल्याला जमेल असं थोडं थोडं सरकवायचं. ठमी रोज साडेसातच्या आसपास सोफ्याच्या पाठीवरून पडद्यावर उड्या मारायची, तीच वेळ मी खेळाची ठरवली आणि पडदेही वाचले.

दुसरी पायरी: खेळ, मग खाणं, मग झोप, रोज याच क्रमाने

सगळ्या रुटीनचा कणा हाच आहे, म्हणून यावर जास्त लिहितेय.

मांजर शिकार करतं, खातं, अंग चाटून साफ करतं आणि झोपतं. आपण घरात तिला शिकार न करताच खायला देतो, मग ती शिकारीची ताकद कुठेतरी निघणारच, आपल्या घोट्यांवर नाहीतर रात्री दोन वाजता पलंगावर. म्हणून दिवसातून दोनदा, दहा ते पंधरा मिनिटं, मन लावून खेळा. एक खेळ संध्याकाळी आणि एक तुम्ही झोपायच्या आधी.

काठीला दोरीने पिसं किंवा कापडाचा तुकडा बांधलेलं खेळणं सगळ्यात चांगलं, पण ते नुसतं तोंडासमोर हलवून उपयोग नाही. कुठला उंदीर आपणहून मांजरीच्या तोंडाकडे धावतो? खेळणं तिच्यापासून लांब पळायला हवं, मध्येच थबकायला हवं, उशीच्या मागे अर्धं लपून जरासंच थरथरायला हवं. मग बघा, ती अंग जमिनीला टेकवते, डोळे मोठे काळेभोर होतात, मागचे पाय जागच्या जागी हलवते आणि झडप घालते. दर दोन-तीन झडपांना तिला ते खरंच पकडू द्या, तोंडात धरू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. सतत हुलकावणी दिली तर ती चिडते किंवा कंटाळून निघून जाते. शेवटची दोन-तीन मिनिटं खेळणं हळूहळू थकवत आणा, शेवटी तिच्या पंजाखालीच शांत होऊ द्या.

आणि त्यानंतर लगेच, पाच मिनिटांच्या आत, वाटी खाली. ही सांधणूक तुटू द्यायची नाही. खाऊन झालं की ती आपणहून पंजे चाटायला बसते, तोंड पुसते आणि जागा शोधून वेटोळं करते.

लेझरचा लाल ठिपका वापरत असाल तर शेवटी तो एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा ट्रीटवर आणून थांबवा, कारण तो कधी हाताला लागतच नाही आणि काही मांजरं त्यामुळे बेचैन होतात. खेळून झाल्यावर दोरीचं खेळणं कपाटात बंद करून ठेवा, हे कृपया गंभीरपणे घ्या, दोरा किंवा रिबीन गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनपर्यंत वेळ येते.

तिसरी पायरी: खाणं मोजून आणि वाटून

दिवसभर वाटी भरलेली ठेवली तर रुटीन लागणं अवघड, कारण मग आपल्या हातात काहीच उरत नाही. साधारण चार किलोच्या मोठ्या, घरातच राहणाऱ्या मांजरीला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात. पाकिटावर किती ग्रॅमला किती कॅलरी ते लिहिलेलं असतं, त्यावरून हिशेब करा आणि वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने मूठ टाकली की रोज थोडं थोडं जास्तच पडतं. वजन कमी करायचं असेल, पिल्लू असेल किंवा आजारपण असेल तर आकडा व्हेटकडूनच घ्या. आलेल्या खाण्याचे तीन-चार भाग करा, कारण मांजरीचं पोट थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाण्यासाठीच बनलेलं आहे, आणि सगळ्यात मोठा भाग रात्रीच्या खेळानंतर द्या. ट्रीट या हिशेबातच धरायच्या, दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या वर नकोत.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका, भूक लागली की खाईल असं म्हणून उपाशी ठेवणं. मांजर पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल तर व्हेटला फोन करा, दोन-तीन दिवस उपास पडला तर लिव्हरवर चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं, जाडं मांजर असेल तर जास्तच. खाणं बदलायचं असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्या.

चौथी पायरी: पहाटेचा मामला

आता सगळ्यात कठीण भाग, आणि इथेच बहुतेक जण माघार घेतात.

नियम एवढाच की तिच्या ओरडण्यानंतर किंवा पंजा मारल्यानंतर खाणं येता कामा नये. रागावायचंही नाही, "अगं झोप ना" असं पुटपुटायचंही नाही, ढकलायचं तर नाहीच, कारण तिच्या दृष्टीने तेही लक्ष देणंच आहे. आणि इथे एक गोष्ट आधीच माहीत असायला हवी, ती म्हणजे दुर्लक्ष सुरू केल्यावर त्रास कमी व्हायच्या आधी वाढतो. आजपर्यंत जे चालत होतं ते चालेनासं झालं की ती तेच जास्त जोरात करून बघते. आमच्याकडे तिसरी ते पाचवी रात्र भयंकर होती, ठमी दाराशी बसून अर्धा अर्धा तास ओरडत होती, आणि नेमक्या पाचव्या पहाटे बाबांना तिचं केविलवाणं म्यांव ऐकवेना, त्यांनी गुपचूप उठून दाणे घातले. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, कारण ती आणखी चिकाटीने ओरडायला लागली. कधी मिळतं कधी नाही असं झालं की सवय सुटायच्या ऐवजी जास्त पक्की होते, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी एकत्र बसवून हे समजावून सांगा, विशेषतः ज्यांचं मन लवकर विरघळतं त्यांना. आम्ही मग परत पहिल्यापासून सुरू केलं आणि बाबांनीही शेवटपर्यंत साथ दिली. दुसरा आठवडा संपता संपता ती पहाटे यायची, बघायची आणि पायाशी जाऊन झोपायची.

यात दोन गोष्टींनी खूप फरक पडला. एक, उठल्या उठल्या खायला देणं मी बंद केलं. आधी तोंड धुणं, पडदे उघडणं, ट्रे साफ करणं, मग वाटी. त्यामुळे माझे डोळे उघडणं आणि तिचं खाणं ही जोडी तुटली. दुसरी, टायमरवाला फीडर. पहाटेचा एक छोटा भाग त्यातून पडला की ती माणसाकडे न येता फीडरपाशी जाऊन बसते, आणि फीडरपुढे कितीही ओरडलं तरी तो वेळेच्या आधी देत नाही. फीडरची वेळ पुढे न्यायची असेल तर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं, एकदम तासभर नको.

पाचवी पायरी: ट्रे

याला फार वेळ लागत नाही पण चुकवायचं नाही. दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी ट्रेमधल्या लिटरच्या (आत भरतात त्या मातीच्या) गाठी काढून टाका, मी सकाळच्या आणि रात्रीच्या खाण्याला जोडून घेतलंय. ट्रे मांजरीच्या लांबीच्या निदान दीडपट असावा, खाण्याच्या जागेपासून लांब, सुगंधी लिटर नको. जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त. हट्टी मांजर घाणेरडा ट्रे एकदाच सहन करतं, पुढच्या वेळी ते गादी निवडतं.

सहावी पायरी: नखं, ब्रश आणि कॅरियर

इथे जोर केला की संपलं. ठमीला आम्ही एकदा टॉवेलमध्ये गुंडाळून सगळी नखं एका बैठकीत कापली, त्यानंतर दोन महिने कटर बाहेर काढला तरी ती पलंगाखाली. मग ठरवलं, एका वेळी एकच नख. रात्री खाऊन झाल्यावर ती जरा पेंगायला लागते तेव्हा पंजा हातात घ्यायचा, बोटाने हलकं दाबून नख बाहेर आणायचं, नुसतं टोक कापायचं, आतला गुलाबी भाग अजिबात नाही, लगेच एक ट्रीट आणि सोडून द्यायचं. अठरा नखं असतात, म्हणजे अठरा दिवसांत एक फेरी, आणि नखं साधारण दोन-तीन आठवड्यांनीच कापायला येतात, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

तिचं अंग वाचायला शिका. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं, कान मागे किंवा बाजूला वळले, पाठीवरची कातडी थरथरली, की हात बाजूला घ्यायचा, तिने चावायची वाट बघायची नाही. तिला नको म्हणता येतं आणि आपण ते ऐकतो हे कळलं की हट्टी मांजरंच जास्त वेळ हात लावू देतात, हा माझा अनुभव आहे. अंगावर पाणी मारणं, ओरडणं, नाकावर टिचकी, हे काही नको, त्यातून ती फक्त तुम्हाला घाबरायला शिकते आणि तुमच्या माघारी तेच करते.

ओट्यावर चढत असेल तर जवळच तिच्या हक्काची एक उंच जागा द्या आणि तिथे बसली की ट्रीट द्या. सोफा ओरबाडत असेल तर ती झोपते त्या जागेजवळ ऐंशी-नव्वद सेंटीमीटर उंच, न डगमगणारा स्क्रॅचिंग पोस्ट ठेवा, कारण झोपेतून उठलं की त्यांना पूर्ण ताणून नखं घासायची असतात. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, माळ्यावर ठेवू नका, दार उघडं टाकून, आत जुनं पांघरूण घालून कायम खोलीत असू द्या, म्हणजे तो बाहेर काढणं हीच धोक्याची घंटा राहत नाही.

बाहेरगावी जाताना

शक्यतो मांजर घरीच राहू दे आणि कोणीतरी येऊन बघू दे. त्या माणसाला निघायच्या आधी निदान दोनदा बोलावून खेळ आणि खाणं त्याच्या हातून होऊ द्या, आणि कागदावर वेळांपेक्षा क्रम लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर एवढंच आहे: आधी ट्रे साफ, मग निळ्या पिसाच्या काठीने दहा मिनिटं, शेवटी तिला पकडू दे, काठी परत कपाटात, लगेच वाटी, पाणी बदल. ओरडली तर थांब, गप्प झाली की मग वाटी ठेव. दिवसभरात काहीच खाल्लं नाही तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.